मातीचं पहिलं घर: नोंदणीपासून नमुना ८ पर्यंत

आधी चुना भिजवा, मग अर्ज करा. बी.आर्क. (वास्तुकलेची पदवी) पूर्ण करून नुकतीच नोंदणी झालेल्या आणि पहिलं स्वतंत्र काम माती-चुन्यातच करायचं म्हणून बसलेल्या मैत्रिणींना मला मुख्यतः हेच सांगायचं आहे. चुना आणि कागदपत्रं, दोन्हींना मुरायला वेळ लागतो. चुना कधी तयार होईल ते निदान आधी सांगता येतं. पुढे आहे तो याचाच तपशील, मी केलेल्या एका घरावरून. घर पुणे जिल्ह्याच्या पश्चिम भागात, गावठाणात, ओळीनं तीन खोल्या आणि पुढे ओसरी असं. काम ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झालं आणि जानेवारी २०२४ मध्ये संपलं.

नोंदणीचा भाग त्या मानानं सरळ आहे. वास्तुविशारद अधिनियम, १९७२ नुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नाव नोंदलेल्या व्यक्तीलाच 'आर्किटेक्ट' ही उपाधी लावता येते. अर्ज ऑनलाइन असतो. पदवी किंवा तात्पुरतं प्रमाणपत्र, सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, दहावी-बारावीचे दाखले, फोटो आणि सही लागते. नाव सगळ्या कागदांवर अक्षर न् अक्षर सारखं आहे का ते आधी बघा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत पहिल्याच फेरीत जोडा, नाहीतर अर्ज त्रुटीत जातो आणि वाट बघणं नव्यानं सुरू होतं. 'सीए'नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक हातात येईपर्यंत कुणाच्याही नकाशावर सही करू नका, कितीही ओळखीचं काम असलं तरी.

उपाधी आणि काम यांचं नातं मात्र नेहमीच इतकं सरळ नव्हतं. भारतातल्या अगदी पहिल्या स्त्री आर्किटेक्टपैकी एक, पेरीन मिस्त्री, १९३६ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून (जेजे) वास्तुकलेची पदविका घेऊन बाहेर पडल्या, तेव्हा हा कायदा नव्हता. दीदी कॉन्ट्रॅक्टर यांनी वास्तुकलेचं रीतसर शिक्षण घेतलंच नाही. १९२९ मध्ये अमेरिकेत जन्म, लग्नानंतर नाशिक, मग जुहू आणि शेवटी हिमाचलात कांगडा खोरं. तिथं माती, बांबू, नदीतला दगड आणि स्लेट यांत त्या घरं, दवाखाना, संस्थांच्या इमारती उभ्या करत राहिल्या. २०१८ चा नारीशक्ती पुरस्कार त्यांना मिळाला आणि जुलै २०२१ मध्ये त्या गेल्या. अनुपमा कुंडू पुण्यात जन्मलेल्या, जेजेच्या पदवीधर, १९९० पासून पुदुच्चेरीजवळच्या ऑरोविलमध्ये काम केलेल्या. २००० साली पूर्ण झालेल्या त्यांच्या 'वॉल हाऊस' या घराच्या भिंती स्थानिक, हातानं पाडलेल्या पातळ विटांच्या आहेत आणि जोड चुन्याचे. मातीत काम करायचं म्हटलं की निसर्गापासून प्रेरणा घ्या असं सांगितलं जातं. पानाच्या आकाराचं छप्पर काढणं हा त्याचा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात फसवा प्रकार आहे. दीदी कॉन्ट्रॅक्टर आणि कुंडू यांच्या कामातून उचलायचं ते वेगळंच: जागेवर कुठली माती आहे, पाऊस कुठल्या बाजूनं मारतो, कुठलं काम करणारे हात गावात अजून शिल्लक आहेत. नकाशा त्यानंतर.

ऑगस्ट २०२२. आधी जागेचे कागद. गावठाणातल्या जागेला सहसा सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीचा, उतारा असतो, आणि गावाचं सर्वेक्षण झालं असेल तर मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड). दोन्हींवरचं क्षेत्र जुळत नसेल तर थांबा आणि भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करा. आम्हाला तेच करावं लागलं. मोजणीच्या दिवशी शेजारचे खातेदार हजर असतील असं बघा, नोटिशीवर विसंबू नका. हद्दीच्या खुणा पक्क्या झाल्यावर मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत मिळते. ती येईपर्यंत पावसाळा सरला. मनात सारखी धाकधूक होती, कारण मातीचं काम नोव्हेंबरात सुरू झालं नाही तर सगळं एक वर्ष पुढे जातं.

या रिकाम्या काळातच, सप्टेंबरमध्ये, चुना भिजवला. बाहेरच्या गिलाव्याला आणि जोत्याच्या दर्जा (दगडांमधले सांधे) भरायला मिळून ४०० किलो कळीचा चुना, म्हणजे भाजलेला पण पाणी न लागलेला चुना, आणला. वाहतुकीसह किलोला १४ रुपये पडले. खडे टणक हवेत. पोत्यात भुकटी जास्त असेल तर तो चुना हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड पिऊन आधीच मेलेला आहे, परत पाठवा. मूठभर खडे पाण्यात टाकले की काही मिनिटांत फुटून खदखदले पाहिजेत. भिजवताना आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना. उलट केलं तर उकळता चुना अंगावर उडतो. पाणी आकारमानानं चुन्याच्या तिप्पट. पिंप लोखंडाचं घ्या, प्लास्टिकचं उष्णतेनं वाकतं. गॉगल, रबरी हातमोजे आणि स्वच्छ पाण्याची बादली शेजारी असल्याशिवाय काम सुरू करायचं नाही. डोळ्यात गेलं तर भरपूर पाण्यानं धूत राहायचं आणि थेट दवाखाना गाठायचा. थंड झाल्यावर चाळणीतून गाळायचं, कारण न फुटलेला खडा गिलाव्यात गेला तर तो महिन्यांनी भिजून फुगतो आणि भिंतीवर फोड येतो. वर चार बोटं पाणी कायम ठेवायचं. बांधकामाला किमान तीन आठवडे आणि गिलाव्याला तीन महिने मुरलेला चुना हवा. त्याहून जुना असेल तर आणखी चांगला.

नोव्हेंबर २०२२. परवानगी. मुंबई आणि आणखी काही भाग सोडून राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली लागू आहे. लहान भूखंडांना तीत सुटसुटीत वाट आहे: मालकीचे कागद, नकाशे, बांधकाम नियमावलीप्रमाणे असल्याचं प्रमाणपत्र आणि शुल्काची पावती. कौन्सिलकडे नोंदलेल्या आर्किटेक्टला त्यासाठी वेगळा परवाना काढावा लागत नाही. आमची गाडी अडली ती 'भिंतीचा प्रकार' या रकान्यावर. माती म्हटलं की समोरच्याला किल्लारी आठवते, आणि ते चूक नाही. म्हणून उत्तर तयार ठेवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात जी घरं कोसळली, त्यांच्या भिंती गोलसर दगडांच्या होत्या, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत गुंतवणारे लांब दगड नव्हते, आणि वर धाब्याच्या जाड मातीचं ओझं होतं. आमच्या नकाशात यातलं काहीच नव्हतं हे आकड्यांनी दाखवावं लागलं.

त्यासाठी आयएस १३८२७ हे भारतीय मानक पाठ करा. मातीच्या इमारतींना भूकंपात टिकवण्याची मार्गदर्शक तत्त्वं त्यात आहेत. भिंतीची उंची जाडीच्या आठपटीपेक्षा जास्त नको. भिंतीला काटकोनात मिळणाऱ्या लागोपाठच्या दोन भिंतींमधलं अंतर जाडीच्या दहापट, किंवा जाडीच्या वर्गाला ६४ नं गुणून उंचीनं भागल्यावर येणारी संख्या, यातलं जे कमी ते. आमची भिंत ३८ सेंमी जाड आणि २.८ मीटर उंच, म्हणजे अंतर ३.३ मीटरच्या आत. म्हणून तिन्ही खोल्या ३.२ मीटर चौरस. दार-खिडकी १.२ मीटरपेक्षा रुंद नको आणि कोपऱ्यापासून १.२ मीटर लांब हवी. जोत्यावर, दारा-खिडक्यांच्या डोक्यावर आणि छपराखाली सगळ्या भिंतींना एकत्र बांधणारा सलग पट्टा. घराचं रूप खरं तर या चार वाक्यांनीच ठरवलं. मोठी काच लावलेला कोपरा हवा असेल तर माती सोडा.

स्थैर्याच्या प्रमाणपत्रावर सही करणारा संरचना अभियंता मिळणं ही सगळ्यात लांबलेली वाट. अनेकांना काँक्रीटच्या खांबांशिवाय सही करायची नसते. त्यांच्याकडे जाताना मानकाची प्रत, गणित आणि मातीच्या चाचण्यांचे निकाल सोबत न्या. तोंडी समजावण्यात वेळ घालवू नका.

आता माती. काळी माती भिंतीला अजिबात चालत नाही. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना भेगाळते. जुन्या गावठाणातली पांढरी माती मात्र पिढ्यान्‌पिढ्या भिंतींना वापरलेली असते. आमच्या जागेवर पडलेल्या घराचा ढिगारा होता, तीच माती मुख्य साठा झाली. फक्त जुन्या भिंतीचा खालचा दीड-दोन फुटांचा भाग आणि गोठ्याजवळची माती बाजूला काढा. तिच्यात क्षार असतात आणि नव्या भिंतीला लोणा लागतो, म्हणजे क्षार फुटून ती भुसभुशीत होते. एकूण लागली साधारण १५ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). कमी पडली तर बाहेरून आणण्याआधी तहसील कार्यालयातून गौण खनिजाची परवानगी आणि स्वामित्वधनाची पावती घ्या. ट्रॅक्टर रस्त्यात अडवला की मजूर दिवसभर बसून राहतात.

मातीची पहिली चाचणी बाटलीतली. एक तृतीयांश माती, बाकी पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवायचं आणि ठेवून द्यायचं. रेती लगेच बसते, गाळ तासाभरात, चिकणमाती दिवसभरात. थरांची जाडी मोजली की प्रमाण कळतं. चिकणमाती १५ ते २५ टक्के असेल तर उत्तम. दुसरी चाचणी ६० सेंमी लांब, ४ सेंमी रुंद आणि ४ सेंमी खोल लाकडी पेटीची: ओली माती चेपून भरायची, सावलीत पूर्ण वाळवायची आणि एका टोकाला ढकलून किती आटली ते मोजायचं. आमची माती २४ मिमी आटली, म्हणजे चिकणमाती जास्त. तीन घमेली मातीला एक घमेलं चाळलेली रेती घातल्यावर आकडा १४ वर आला. हे प्रमाण कागदावर लिहून मुकादमाकडे द्या. तोंडी सांगितलेलं प्रमाण तिसऱ्या दिवशी बदलतं.

कच्ची वीट म्हणजे भेंडा. ३८ × १८ × १० सेंमी, वाळल्यावर वजन १२ किलोच्या आसपास. लांबी अशी निवडली की दोन भेंडे शेजारी शेजारी आणि मधे २ सेंमीचा सांधा मिळून एका आडव्या भेंड्याएवढी जाडी भरते, त्यामुळे सांधमोड आपोआप होते, म्हणजे सांध्यावर सांधा येत नाही. एका घनमीटर भिंतीला सुमारे १०४ भेंडे लागतात. आम्ही मोडतोड धरून ३,५०० पाडले. मातीत भाताचा पेंढा चार-पाच सेंमीचे तुकडे करून, ब्रासला २५ ते ३० किलो. चिखल आठवडाभर भिजत ठेवून पायानं तुडवायचा. वास सुटला की समजा पेंढा कुजायला लागला आणि माती चिकट झाली. साचा प्रत्येक वेळी ओला करून रेती भुरभुरायची. तिसऱ्या दिवशी भेंडा कडेवर उभा करायचा, दहाव्या दिवसानंतर फटी ठेवून रचायचा, एकूण चार आठवडे वाळवायचा. उन्हात एकदम वाळवला तर वरचा पापुद्रा आधी आटतो आणि मधोमध तडा जातो, म्हणून पहिले दोन दिवस वर पेंढा पसरा. परीक्षा सोपी आहे: दोन टेकूंवर आडवा ठेवून माणसानं मधे उभं राहायचं, मोडला नाही तर भेंडा चांगला. अवकाळी पावसासाठी ताडपत्री जागेवरच हवी, गावातल्या दुकानात असून उपयोग नाही. आणि कामावर बायका असतील, असतातच, तर पहिल्या दिवशी आडोशाचं शौचालय उभारा. हा खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीवर लिहा, नाहीतर तोच आधी कापला जातो.

पायाला पक्का मुरूम लागेपर्यंत खणलं. काळ्या थरावर पाया ठेवायचाच नाही. बेसाल्टचं दगडकाम, दर मीटरभर अंतरावर भिंतीच्या पूर्ण जाडीतून जाणारा एक लांब दगड. जोतं जमिनीपासून ६० सेंमी, कारण पागोळ्यांचे शिंतोडे गुडघाभर उडतात. जोत्यावर शहाबादी फरशीचा सलग थर, म्हणजे जमिनीतली ओल वर चढत नाही. हा थर वगळून पैसे वाचवायचा सल्ला मिळतो. ऐकू नका.

भिंती फेब्रुवारी ते एप्रिल २०२३. दिवसाला चार-पाच थरांपेक्षा जास्त चढवायच्या नाहीत, नाहीतर खालचा ओला सांधा दबून भिंत ओळंब्याबाहेर जाते. सांध्याला भेंड्याचीच माती. सिमेंटचा माल भेंड्यापेक्षा कडक होतो, भिंत बसताना कडा तुटतात. पट्ट्यांसाठी पाडलेल्या जुन्या वाड्याचं सागवान घेतलं: दोन समांतर पट्ट्या, मधे दर अर्ध्या मीटरवर आडवे तुकडे, कोपऱ्यात अर्धी खाच देऊन गुंतवलेले. चौकटीच्या वर अडीच सेंमी फट सोडून ती काथ्यानं भरा. भिंत वाळताना खाली बसते. फट नसेल तर भार चौकटीवर येतो आणि दार अडकतं. विजेच्या नळ्या रचतानाच आत घाला. नंतर छिन्नीनं खाच पाडली की तिथूनच चीर जाते.

छपराला मंगलोरी कौलं, ३० अंशांचा उतार, पाखी ९० सेंमी बाहेर. ओसरी धरून १,८०० कौलं लागली, नगाला ३५ रुपये. कौलं जागेवर आल्याशिवाय रिपा (कौलं टेकतात त्या लाकडी पट्ट्या) ठोकू नका. प्रत्येक भट्टीच्या कौलाचं माप थोडं वेगळं असतं. ओसरीला बांबू वापरला. २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनक्षेत्राबाहेरचा बांबू भारतीय वन अधिनियमातल्या 'झाड' या व्याख्येतून वगळला आहे, त्यामुळे मालकीच्या जागेतला बांबू तोडायला पूर्वीसारखी अडचण येत नाही. काठी तीन-चार वर्षांची, पावसाळ्यानंतर तोडलेली. तेव्हा तिच्यातलं पिठूळ द्रव्य कमी असतं आणि भुंगा कमी लागतो. १०० लिटर पाण्यात ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक ॲसिड, पेरं भोसकून आठवडाभर बुडवून ठेवायच्या. उरलेलं पाणी ओढ्यात सोडायचं नाही.

मे महिन्यात कौलं चढली आणि खरी ओढाताण सुरू झाली. गवंडी म्हणाले, "मॅडम, पाऊस यायच्या आत गिलावा मारून मोकळं होऊ." मालकांचंही तेच मत. पण भिंत आतून अजून ओली असते आणि आटत असते. त्यावर चुना मारला तर तो भिंतीबरोबर फाटतो. शिवाय मेच्या उन्हात चुना पकडण्याआधीच सुकतो आणि बोट फिरवलं की भुकटी निघते. म्हणून पहिला पावसाळा भिंतींनी मातीच्या पातळ लिंपणावर काढला. पश्चिमेच्या बाजूला कारवीचे तट्टे उभे केले. तट्टे मालकी जागेतल्या कारवीचे असावेत. वनक्षेत्रातून तोडायला बंदी असते. जुलैच्या झडीत रात्री झोप लागत नव्हती हे लपवण्यात अर्थ नाही. तट्ट्यांमागे हात फिरवून बघितलं की लिंपण ठिकठिकाणी धुपलेलं लागायचं, भेंडा मात्र शाबूत. लिंपण त्यासाठीच असतं. पागोळ्यांची चर मात्र दर आठवड्याला साफ करा. चर तुंबली की पाणी जोत्याशी साचतं, आणि मातीच्या घराचा घात बहुतेकदा तिथूनच होतो.

गिलावा ऑक्टोबर ते डिसेंबर २०२३. तोवर चुना वर्षभर मुरला होता, लोण्यासारखा. १ भाग चुना, १ भाग सुरखी (विटांची भुकटी), २ भाग रेती. सुरखी कमी भाजलेल्या विटांची, बारीक चाळलेली. तिच्यामुळे चुना ओलाव्यातही पकडतो. १०० लिटर पाण्यात २ किलो गूळ आणि १ किलो हिरड्याची पूड आठवडाभर भिजवून ते पाणी माल मळायला वापरलं. गूळ जास्त घातला तर पकड लांबते आणि मुंग्या येतात. चुना मळायची घाणी जवळपास राहिली नव्हती, म्हणून मोर्टार मिक्सरमध्ये मळून माल रात्रभर झाकून ठेवला आणि सकाळी पुन्हा मळला. भिंतीवर खरवड करून, पाणी शिंपडून पहिला हात १० ते १२ मिमी, दुसरा ८, शेवटचा ३. दोन हातांमध्ये किमान आठवडा, आणि त्या काळात ओली गोणपाटं टांगलेली. एकाच हातात जाड थर दिला तर वरचा भाग पकडतो आणि आतला मऊच राहतो. पकड किती आत गेली ते बघायला छोटा तुकडा मोडून त्यावर फिनॉल्फ्थलीन या रसायनाचा थेंब टाका: गुलाबी झालं तितका चुना अजून कच्चा. सिमेंटचा गिलावा मातीच्या भिंतीवर कधीच नको. तो आतली ओल बाहेर जाऊ देत नाही, मागचा भेंडा मऊ पडतो आणि गिलावा पत्र्यासारखा सुटून पडतो. आतल्या बाजूला मातीचाच गिलावा आणि वर चुन्याची सफेदी, खोल्यांत चुना-सुरखीचा कोबा, ओसरीला चोपलेला मुरूम आणि शेणाचं सारवण.

खर्च, माझी फी सोडून, १० लाख ४० हजार, ओसरीसह ६९० चौरस फुटांना. त्यातले ६ लाखांच्या वर मजुरी. माती स्वस्त आहे म्हणून घर स्वस्त पडतं, असं ग्राहकाला सांगू नका. पैसा मालाऐवजी माणसांकडे जातो, एवढंच खरं. मजुरी रोजावर देण्याऐवजी भेंडे नगावर आणि भिंत घनमीटरवर ठरवली तर हिशेब स्वच्छ राहतो. गिलावा मात्र रोजावरच ठेवा, मापावर दिला की दोन हातांमधला आठवडा गायब होतो. गृहकर्ज मिळवायचं असेल तर पाया खणण्याआधी बँकेशी बोला. मूल्यमापकाच्या तक्त्यात मातीच्या भिंतीला बहुतेकदा किंमतच नसते. आमच्या कामात कर्ज नव्हतं म्हणून हे निभावलं.

जानेवारी २०२४ मध्ये ग्रामपंचायतीत नोंद. घरपट्टीसाठी बांधकामाचे प्रकार ठरलेले असतात आणि 'मातीचं' आणि 'दगड-विटा-चुना' यांत फरक असतो. पट्टी कमी म्हणून पहिल्या प्रकारावर समाधान मानू नका. पुढे विकताना किंवा तारण ठेवताना तीच नोंद आडवी येते. जोत्याचे, पट्ट्यांचे आणि गिलाव्याचे कामाच्या वेळचे फोटो तारखेसह जोडले की पाहणीत वाद होत नाही. वीजजोडणीचा अर्ज नवीन उतारा मिळाल्यावरच करा, जुन्या उताऱ्यावर केलेला परत येतो.

ताबा देताना मालकांना एक पानभर सूचना लिहून द्या: पावसाळ्याआधी सरकलेली कौलं बसवणं, चर उपसणं, जोत्याला लागून झाड किंवा कुंड्यांची रांग न ठेवणं, दिवाळीच्या सुमारास बाहेरून सफेदी. सफेदीला १ भाग मुरलेला चुना आणि ४ भाग पाणी, भिंत आधी ओली करून, तीन-चार पातळ हात. पहिला हात ओला असताना जवळजवळ दिसतच नाही, म्हणून रंगारी ते दाट करतात. दाट सफेदी पुढच्या उन्हाळ्यात पापुद्र्यांनी सुटते.